कोण कुणाचा कप विसळतं

कपाचा कान सुनेत्राच्या हातात आला आणि बाकीचा कप फिंटनच्या हातात राहिला. विभागाच्या चिमुकल्या स्वयंपाकघरात, सिंकपाशी, दोघं समोरासमोर उभे. नळ धो धो वाहतोय आणि झालं काय ते दोघांनाही कळेना. झालं होतं एवढंच, की विभागप्रमुख प्राध्यापक फिंटन यांनी सकाळचा चहा संपवून, बाह्या सरसावून, आपला निळ्या पट्ट्यांचा कप विसळायला घेतला होता. आणि दारातून आत आलेल्या सुनेत्राचा हात तिला न विचारता पुढे झेपावला होता. "अहो सर, राहू द्या, मी करते ना!" हेही ती चक्क मराठीत म्हणाली होती. फिंटनना वाटलं, हिला नळ हवाय, म्हणून त्यांनी कप आपल्याकडे ओढला. हिला वाटलं ते संकोच करतायत, म्हणून हिनेही ओढला. निघताना हातात नारळ कोंबण्यावरून दोन विहिणींची होते तशी ओढाताण. फक्त इथे समोर विहीण नव्हती, डब्लिनमधले एक नावाजलेले समाजशास्त्रज्ञ होते, आणि दुपारी तेच तिची परीक्षा घेणार होते.

"इट्स ग्रँड," फिंटन म्हणाले. आता या देशात ग्रँड म्हणजे काहीही असू शकतं. छान, चालेल, सोड गं, मरू दे, किंवा काळजाचं पाणी झालंय पण तुला सांगणार नाही. त्यांनी बिनकानाचा कप निगुतीने पुसला, बाह्या खाली केल्या, "दुपारी भेटूच, सुनेत्रा. घाबरू नकोस," म्हणाले, आणि कप ओंजळीत धरून निघून गेले. सुनेत्राने नळ बंद केला. कान तिने कोटाच्या खिशात टाकला, आणि अंगठा त्या तुटलेल्या खरबरीत कडेवरून फिरवत ती तिथेच उभी राहिली. त्या कपाला विभागात दुसरं कुणी हात लावत नसे. शाब्बास सुनेत्राबाई, ती स्वतःला म्हणाली, परीक्षेच्या दिवशी परीक्षकाचा कान उपटलास. आणि तिला खुदकन हसू आलं, पण ते पोटात पोचलं नाही. पोटात दुपार बसली होती. आजची परीक्षा साधीसुधी नव्हती. इतके दिवस केलेलं संशोधन पीएच.डी.च्या लायकीचं आहे हे तीन जणांच्या समितीला पटवायचं होतं. पटलं तर पुढचा रस्ता मोकळा. नाही पटलं तर आहे त्यावर एक लहानशी पदवी हातात ठेवून, गोड बोलून, रामराम.

आणि विषय काय घेतला होता तिने? श्रेणी. वरचा कोण, खालचा कोण, आणि हा एकच शब्द निरनिराळ्या विद्याशाखा कशाकशाला वापरतात. जीवशास्त्रात प्रजाती, कुळ, गण. भाषाशास्त्रात शब्द, पदबंध, वाक्य. संगणकात फोल्डरच्या पोटात फोल्डर. समाजशास्त्रात जात, वर्ग, हुद्दा. हे सगळं तिने गोळा केलं होतं, आणि गोळा करण्यात बाई वस्ताद होती. पण महिन्यापूर्वी फिंटन म्हणाले होते, "सुनेत्रा, तुझं प्रेस उदाहरणांनी गच्च भरलंय, पण तुझं म्हणणं काय आहे?" प्रेस म्हणजे इथे कपाट. तेव्हापासून ती त्या कपाटापुढे उभी होती. तिसरं प्रकरण अडून बसलं होतं ते बसलंच होतं. या सगळ्यांत समान काय, हे तिला सांगता येत नव्हतं. त्याऐवजी तिने एक सुबक शिडी काढली होती, पायरीपायरीवर एकेक विषय, आणि ती शिडी ती दुपारी पडद्यावर दाखवणार होती. शिडी खोटी आहे हे तिला ठाऊक होतं. अशी खोटी शिडी घेऊन जायचं, तेही श्रेणीवर बोलायला, आणि त्याच सकाळी विभागप्रमुखांचा कप हिसकायचा! पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, मला नुसतं फिंटन म्हण. तिच्या तोंडून ते नाव आजवर एकदाही निघालं नव्हतं. सर म्हटलं की ते कसनुसे होत, म्हणून सरही बंद. मग ती आपली 'एक्सक्यूज मी' म्हणायची, खोकायची, समोर जाऊन उभी राहायची. आई जन्मभर बाबांना नावाने हाक न मारता संसार चालवून गेली, तसं ही नाव न घेता संशोधन चालवत होती.

खांद्यावरची पिशवी जड झाली होती. पिशवीत डबे होते. आईचे स्टीलचे तीन डबे, तळाशी मोठा चिवड्याचा, त्यावर शंकरपाळ्यांचा, आणि सगळ्यात वर रव्याच्या लाडवांचा, कारण लाडू खाली ठेवले तर चिरडतात. ही बाबांची करामत. बाबा म्हणजे पुरुषोत्तमराव, अमरावतीच्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले, आई गेल्यावर पहिल्यांदाच डब्लिनच्या सँट्री भागात लेकीकडे हिवाळा काढायला आलेले. काल त्यांनी फ्लॅटमध्ये स्वतः पोहे भाजले आणि धुराचा भोंगा असा कोकलला की शेजारची म्हातारी चपला घालून जिन्यात. "बाबा, इथे परीक्षकांना असलं काही नेत नाहीत हो," ती म्हणाली होती. "नेत नाहीत म्हंजे? आपल्याकडे व्हायवा घ्यायले परीक्षक आले का चिवडा-लाडू असतेच. रिकाम्या हातानं जाऊ नको, सुनू. अन् पाह्य, त्याहिच्या पह्यले खुर्चीत बसू नको. ते बस म्हनले का मंग बसायचं." पूर्वा, तिची आठ वर्षांची लेक, दूध पिता पिता म्हणाली होती, "आजोबा, इट्स ओन्ली अ चॅट, लाइक." तिचा नवरा चंद्रहास हसला होता. त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीतली निम्मी टेबलं मंदीत रिकामी झाली होती, तो आजकाल कशालाही आधी हसून घ्यायचा. दाराशी मात्र तो गंभीरपणे म्हणाला होता, "तू बोलशील गं नीट." पार्टीत कुणी विचारलं, वहिनी काय करतात, की हाच चंद्रहास म्हणायचा, "ती... अं... रिसर्च करते." त्या 'अं'मध्ये पुण्याचं सगळं सासर बसलेलं असे. इंजिनिअरांचं घर. सासूबाई ओळख करून देत, "सूनबाई आर्ट्सच्या, पण हुशार आहेत हो." तो 'पण' सुनेत्रा पुण्याहून विमानात बसवून इथवर घेऊन आली होती.

अंगठा पुन्हा खिशात गेला. हात का गेला पुढे? चहा पिऊन कप विसळणारा माणूस तिने कधी पाहिला नव्हता असं थोडंच? आणि मग ते आलंच, जे ती सकाळपासून येऊ देत नव्हती. अमरावतीचं घर, ओसरीत लोखंडी खुर्ची, खुर्चीत फिजिक्सचे हेड. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणी कुठे बसायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण चुकत कुणी नव्हतं. पंख्याखाली फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. मग बॉटनी-झूलॉजी. मग कॉमर्स. मग इंग्रजी, कारण इंग्रजी ते इंग्रजी. आणि दारापाशी, माठाशेजारी, मराठी. उन्हाळ्यात पंख्याखालचा कुणी म्हणे, "पुरुषोत्तमराव, जरा पाणी." बाबा उठत. तुम्ही जवळच आहात ना माठाच्या, एवढंच कारण. त्या दिवशी हेडसाहेब घरी आले, चहा प्यायले, बाबांच्याच निबंधसंग्रहाबद्दल "बरं असतं असं काहीतरी लिहिलेलं" असं म्हणाले, आणि त्यांनी रिकामी कपबशी नुसती पुढे धरली. आई समोर उभी होती. तिने हात पुढे केला. पण बाबा तिच्या आधी उठले. कपबशी घेतली, मागच्या मोरीवर गेले, उकिडवे बसले आणि तो कप त्यांनी राखेने घासला. नुसता विसळला नाही, घासला. आठवीतली सुनेत्रा मागच्या दारात उभी होती. बाबांनी तिला पाहिलं नाही. तिला बाबांचा राग आला, इतका राग, की रात्रीचं जेवण घशाखाली उतरेना. दहावीला तिला सायन्सला पुरून उरतील एवढे मार्क पडले तेव्हा आर्ट्सला सगळ्यात मोठा विरोध बाबांचाच. "काहून असं करते वं? माझ्यासारखं दारापाशी बसायचंय का जन्मभर?" तिने हट्टाने आर्ट्स घेतलं. आणि इतक्या वर्षांनी, एवढं समुद्रापार येऊन, कप दिसताच तिचा हात बाबांच्या हातासारखाच पुढे गेला. राग आला तिला आताही. पण आता तो बाबांचा नव्हता, त्या हाताचाही नव्हता. कुणाचा होता ते कळेना, म्हणून तर जास्त आला.

"आता हे काय आणलंस?" ग्रॉनिया आत आली. विभागाची सचिव, सगळ्यांची आई. सुनेत्राने डबे बाहेर काढले, सांगितलं. ग्रॉनियाने कपाळाला हात लावला. "अगं बाई माझे! परीक्षेच्या आधी परीक्षकांना खाऊ? बाहेरून परीक्षेला येणाऱ्या मॉयराला वाटेल तू लाच देतेयस. नंतर, सोने, नंतर. निकालानंतर चहाबरोबर मी मांडते." तिने तीन मोठ्या बश्या काढल्या. सुनेत्राने लाडू एका बशीत लावले, शंकरपाळे दुसरीत ओतले, चिवडा तिसरीत, वर कागद झाकला, आणि ग्रॉनियाने बश्या प्रेसमध्ये सरकवल्या. रिकामे डबे सुनेत्राने सवयीने आवरले. लहान मधल्यात घातला, मधला मोठ्यात. तळाशी खट् झालं. आईच्या घरी हा आवाज दिवाळी संपल्याचा.

तिने मोठ्या डब्यात वाकून पाहिलं. मग डबे पुन्हा बाहेर काढले आणि एकावर एक रचले. मग पुन्हा एकात एक घातले. ग्रॉनिया म्हणाली, "बरी आहेस ना गं?" सुनेत्राला ऐकू आलं नाही. डबे तेच होते. भरलेले होते तेव्हा वरचा कुठला, खालचा कुठला, हे विचारता येत होतं. आता वरचा कुठला? वर-खाली राहिलंच नव्हतं. एकाच्या पोटात दुसरा, संपलं. मग वर-खाली आणलं कुणी? लाडवांनी! वाढायचं काही आलं, कुणाला जपायचं, कुणाला दाबायचं हे आलं, की एकात एक असलेले एकावर एक होतात. अणूभोवती रेणू, रेणूभोवती पेशी, पेशीभोवती प्राणी, प्राण्याभोवती समाज. डब्यात डबा. त्यात फिजिक्स अगदी आतला आणि समाजशास्त्र अगदी बाहेरचं. ह्यात पंखा कुठून आला? माठाशेजारी कुणी बसायचं हे अणूने सांगितलं होतं का? इतके दिवस ती सगळ्या विषयांत समान काय ते शोधत बसली होती, आणि समान काही नव्हतंच, वेड्यासारखी एकाच शिडीवर सगळ्यांना चढवत होती. तिने रिकामे डबे पिशवीत टाकले. "ग्रॉनिया," ती म्हणाली, "मी जरा चालून येते." आणि ती इमारतीला फेऱ्या मारत राहिली, भुरभुरत्या पावसात, डोकं उघडं ठेवून, ओठ हलवत. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ही बाई गेली कामातून. पण इतकी शाबूत ती गेल्या कित्येक महिन्यांत नव्हती.

खोलीत ती गेली तेव्हा तिघं बसलेले होते. मधे फिंटन, बिनकानाच्या कपासकट. उजवीकडे मॉयरा, दुसऱ्या विद्यापीठातून आलेली पक्षीशास्त्रज्ञ, आयुष्य कावळ्यांच्या मागे घालवलेली आणि नजरही तशीच तिरपी. डावीकडे संगणकाचा एक तरुण प्राध्यापक. सुनेत्रा बस म्हणायची वाट न बघता बसली. हे तिला बसल्यावर कळलं. तिने शिडीचं चित्र लावलंच नाही. विषय मांडायला सुरुवात केली तोच मॉयराने अडवलं. "थांब. माझ्या कावळ्यांत वरचढ कावळा असतो. शिवाय कावळ्याचं कुळ असतं, गण असतो. दोन्हींना आम्ही श्रेणीच म्हणतो. तू म्हणतेस तुमच्याकडे जातीलाही तेच म्हणतात. नावाचा अंगरखा एक, आत माणसं वेगळी. यात प्रबंध कुठे आहे?"

सुनेत्राने डबे टेबलावर ठेवले. आधी एकात एक. "हा तुमचा गण, हे कुळ, ही प्रजाती. कावळ्याच्या गणाने कावळ्याचा घास कधी हिसकावलाय?" मॉयराने भुवई उचलली. सुनेत्राने डबे काढून एकावर एक रचले. "आणि हा तुमचा वरचढ कावळा. डबे तेच. पहिल्यात कुणी वर नाही. दुसऱ्यात आहे." संगणकवाला पुढे सरकला. "आमच्याकडे मग? फोल्डरात फोल्डर?" "एकात एक," ती म्हणाली, "पण ते उघडायची परवानगी कुणाला, हे विचारलंत की एकावर एक. तुमच्याकडे दोन्ही एकाच पडद्यावर आहेत, म्हणून तर घोळ होतो." तो हसला आणि मान हलवत काहीतरी टिपायला लागला. तिला वाटलं, जमतंय, जमतंय गं!

तेव्हा फिंटन बोलले. अगदी हळू, आणि म्हणूनच जीव टांगणीला लागला. "सुंदर आहे हे. पण सामावणं वेगळं आणि वरचढ असणं वेगळं, हे लोकांनी पूर्वीच म्हटलंय. तू फक्त छान डबे आणलेस. मला वाटतं, अजून प्रबंध नाही यात." सुनेत्राच्या गळ्याशी 'येस सर' आलं. पार जिभेवर आलं. बाकी होतं ते नुसतं मान खाली घालणं. तिच्या डाव्या हाताला खिशातला कान लागला. तिने तो काढून टेबलावर ठेवला.

"नाही, फिंटन," ती म्हणाली. "चुकताय तुम्ही."

नाव निघालं. छत कोसळलं नाही. "दोन प्रकार आहेत हे जुनं आहे, कबूल. पण एकाचं दुसरं कधी होतं, हे कुणी विचारलेलं नाही. विद्यापीठाच्या तक्त्यात मी तुमच्या विभागात आहे, विभाग विद्याशाखेत. डब्यात डबा. त्या तक्त्याने मला कप विसळायला सांगितलेलं नाही. तुम्हीही नाही. तरी सकाळी माझा हात गेला. माझे वडील मराठीचे प्राध्यापक, त्यांनी एकदा फिजिक्सच्या हेडचा कप राखेने घासला. का? दोन विषयांच्या मांडणीत असं काही लिहिलेलं नाही. ते त्यांच्या हातात लिहिलेलं होतं. मी प्रत्येक विद्याशाखेत जाऊन एकच प्रश्न विचारणार आहे: इथे कोण कुणाचा कप विसळतं? जिथे कुणीच विसळत नाही तिथे श्रेणी म्हणजे नुसतं सामावणं. जिथे विसळतात तिथे ती सत्ता. आणि जिथे कागद म्हणतो डब्यात डबा, पण हात मात्र कप विसळतो, तिथे काय घडतं, तो माझा प्रबंध आहे." तिचा आवाज चढला होता. तिने तो उतरवला नाही.

मॉयरा आधी खो खो हसली आणि मग एकदम थांबली. "हे मी माझ्या कावळ्यांवर तपासू शकते," ती जणू स्वतःशीच म्हणाली. "खायला काही नसतं तेव्हा ते कसे बसतात, ते कधी पाहिलंच नाही मी." फिंटन त्या तुटक्या कानाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "बाहेर थांबशील जरा?" ते म्हणाले.

बाहेर ती भिंतीला टेकून उभी राहिली. चुकताय म्हणाले मी, परीक्षकाला! बाबा ऐकतील तर भोवळ येऊन पडतील. पण त्या भीतीच्या खाली काहीतरी गाणं म्हणत होतं, बेसूर, खच्चून, आणि निकाल काहीही लागो, ते थांबणार नव्हतं. दार उघडलं. फिंटननी हात पुढे केला. "एकमताने. पीएच.डी.ला मान्यता. एकच अट आहे. तिसऱ्या प्रकरणाचं नाव तो प्रश्न असेल, आणि पहिल्या तळटीपेत माझा कप." सुनेत्राने त्यांचा हात इतक्या जोरात हलवला की बिचाऱ्यांचा खांदा दुखला असेल.

मग ग्रॉनियाने बश्या काढल्या आणि चिवड्यावर झुंबड उडाली. मॉयरा दोन लाडू रुमालात बांधून घेत होती, कावळ्यांची नजर चुकवून म्हणे. फिंटननी सुनेत्राला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, चहा आणून दिला, तिचा पिऊन झाला तेव्हा रिकामा कप तिच्या हातातून घेतला, आणि बाह्या सरसावून सिंककडे वळले. नळ सुरू झाला. सुनेत्राचा हात खुर्चीच्या दांडीवर होता. तो शिवशिवला. शिवशिवू दे, ती त्याला म्हणाली, आणि तिने दुसऱ्या हाताने घरी फोन लावला.

"झालं, बाबा! मिळाली!"

"मिळाली? अरे वा! वा रे माझी माय!" पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज, पूर्वाची किंकाळी, टाळ्या. मग बाबा परत फोनवर, धापा टाकत. "त्याहिनं बस म्हनाच्या पह्यले बसली नव्हती ना?"

"बसले होते. आत्ताही बसलेच आहे, बाबा. ते उभे आहेत."

"उभे? काय करून राह्यले?"

"माझा कप विसळतायत."

सुनेत्राला फक्त नळाचं पाणी ऐकू येत होतं, आणि त्या पाण्यामागे बाबांचा श्वास. तिला वाटलं, आता रागावतील. आता म्हणतील, ऊठ, घे तो कप त्याहिच्या हातातून.

"अन् तू बसून हाय?" बाबांनी विचारलं. आवाज ओला झाला होता.

"हो."

"बसून राह्य, सुनू," बाबा म्हणाले. "अजिबात उठू नको."